सुट्टीत वाचनालयातून काय आणायचं? उर्दू-मराठी घरांसाठी पुस्तकं आणि सिनेमे

पारोळ्यात मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो आणि मुलांना असरच्या नमाजआधी बाहेर सोडायची सोय राहत नाही. सकाळी मुलं मकतबला जातात, नऊपर्यंत परत येतात. त्यानंतर अकरा ते पाच हे सहा तास ती करतात काय? कूलरसमोर पडलेली असतात आणि हातात अम्मीचा नाहीतर अब्बाचा मोबाईल असतो. जूनमध्ये शाळा उघडली की हीच मुलं माझ्यासमोर बसतात. एप्रिलमध्ये जो मुलगा मराठीचा धडा घडाघडा वाचत होता, तो जूनमध्ये जोडाक्षराला अडतो. हे दर वर्षी होतं.

म्हणून यंदा सुट्टी लागायच्या आधी पालकांच्या बैठकीत मी सांगितलं की मुलांना घेऊन वाचनालयात जा, कार्ड काढा. बैठक संपल्यावर एक अम्मी थांबली आणि हळूच म्हणाली, "बाजी, उधर अपनी किताबां रहती क्या?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून हा लेख.

आधी हे समजून घेऊ की वाचनालय कोणाचं असतं. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. गावोगावच्या संस्था वाचनालयं चालवतात आणि शासन त्यांना मान्यता देऊन दर वर्षी अनुदान देतं. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. वर्ग जसा, तसं अनुदान. त्या अनुदानातला एक भाग पुस्तकांवरच खर्च व्हायचा असतो. हा पैसा सरकारी तिजोरीतला, म्हणजे तुम्ही बाजारात साबण घेताना जो कर भरता त्यातलाही. मान्यता घेतलेलं वाचनालय जात, धर्म बघून कोणाला दारात अडवू शकत नाही. वर्तमानपत्रांच्या खोलीत बसून पेपर वाचायला तर सभासद असण्याचीही गरज नसते. तिथं जायला ओळख लागते, 'त्यांच्या' लोकांचं ते आहे, असं आपल्या मोहल्ल्यात पुष्कळांना वाटतं. ओळख लागत नाही. एक फॉर्म, फोटो, आधारची झेरॉक्स, थोडी अनामत रक्कम आणि महिन्याची वर्गणी एवढंच लागतं. अनामत सभासदत्व सोडताना परत मिळते. वर्गणी प्रत्येक वाचनालयाची वेगळी असते, ती खिडकीवर विचारा. बहुतेक ठिकाणी ती एका मोबाईल रिचार्जपेक्षा कमीच निघेल. लहान मुलांचं कार्ड पालकांच्या सहीनं होतं.

आता 'अपनी किताबां'. काही असतात, बरीच नसतात. नसण्याचं कारण मात्र आपण समजतो ते नाही. वाचनालय पुस्तकं घेतं ती वाचकांची मागणी बघून. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातले दोन असे की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचकच दारात आला नाही, तर ग्रंथपालाला कसं कळणार की गावात उर्दू वाचणारी मुलं आहेत? ग्रंथपालाकडे वाचकांच्या सूचनांची वही असते. नसेल तर साध्या कागदावर अर्ज द्या. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक लिहा आणि खाली सही करा. एकट्यानं लिहिलं तर ती एक सूचना राहते. दहा घरांनी लिहिलं तर पुढच्या खरेदीच्या यादीत नाव येण्याची शक्यता खूप वाढते. नॅशनल बुक ट्रस्टच्या 'नेहरू बाल पुस्तकालय' मालेतली पुस्तकं मराठीतही आहेत, उर्दूतही आहेत आणि स्वस्त आहेत. सुरुवात तिथून करा.

आपल्या जलशात 'इक्रा'वर तासभर तकरीर होते, बगदादच्या बैतुल हिक्माचं नाव घेतलं की सगळे सुभानअल्लाह म्हणतात. पाटण्याच्या खुदा बख्श साहेबांनी मात्र १८९१ मध्ये वडिलांनी आणि स्वतः जमवलेली हजारो हस्तलिखितं लोकांसाठी खुली केली. ते वाचनालय आजही चालू आहे. गावातल्या वाचनालयात एका उर्दू पुस्तकाची मागणी नोंदवणं त्यापुढं किती सोपं काम आहे!

दोन भाषांच्या मध्ये अडकलेली मुलं

आमच्याकडे दोन प्रकारची मुलं आहेत. एक उर्दू माध्यमातली. ती घरात खान्देशी वळणाची उर्दू बोलतात, गल्लीत अहिराणी समजतात, पण मराठीचं पुस्तक हातात दिलं की बोट ठेवून अक्षर-अक्षर वाचतात. दहावीनंतर कॉलेजात सगळं मराठीत किंवा इंग्रजीत येतं आणि तिथं ही मुलं, त्यातही मुली, गळतात. २०२० च्या कायद्यानं सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, पण आठवड्याच्या चार-पाच तासिकांनी भाषा अंगात मुरत नाही. ती वाचून मुरते. दुसरी मुलं मराठी किंवा इंग्रजी माध्यमातली. त्यांची मराठी फर्डी असते, पण दादाजानच्या कपाटातलं उर्दू पुस्तक त्यांना उघडता येत नाही. एकाच घरात नातवाला आजोबांची लिपी येत नाही आणि आजोबांना नातवाची.

दोन्हींवर सुट्टीत करता येण्यासारखं काम आहे.

मराठी माध्यमातल्या मुलाचा नाजरा झाला असेल, म्हणजे त्याला कुरआन शरीफ बघून वाचता येत असेल, तर त्याला उर्दूची बहुतेक अक्षरं आधीच येतात. अरबीची अठ्ठावीस आहेत. उर्दूत त्यात पे, चे, झे, गाफ ही फारसीतून आलेली आणि टे, डाल, ड़े ही आपल्या मातीतली भर पडते. शिवाय दोन चष्म्यांची 'हे' आणि बडी 'ये'. अवघड भाग वेगळाच असतो. अरबी वाचताना जबर-जेर-पेश छापलेले असतात, उर्दूत नसतात. त्यामुळं शब्द आधी ओळखीचा असावा लागतो, आणि घरात उर्दू बोलली जाते तिथं तो असतोच. रोज अर्धा तास दादीजवळ बसवलं तर महिन्याभरात मूल मोठ्या टायपातलं गोष्टीचं पुस्तक वाचू लागतं. हे मी वर्गाबाहेर करून बघितलंय.

उर्दू माध्यमातल्या मुलाचं उलट. हिंदीमुळं त्याला देवनागरी येते. अडतो तो 'ळ' ला, 'च' आणि 'ज' च्या दोन-दोन उच्चारांना, आणि 'घर' चं 'घरात', 'घरातून', 'घरातल्या' होतं त्याला. त्याला जाड पुस्तक देऊ नका. ज्या गोष्टीचा शेवट त्याला आधीच माहीत आहे ती मराठीत द्या. अर्थ डोक्यात असला की डोळे अक्षरावरून पळतात.

म्हणून माझी शिफारस अशी की पुस्तकं जोडीनं आणा. एकच गोष्ट एका भाषेत आधी ऐकायची आणि दुसऱ्या भाषेत मग वाचायची.

लहानांसाठी

प्रेमचंदांची 'ईदगाह' पहिली. प्रेमचंदांनी लिहायला सुरुवात उर्दूत केली, पुढं ते हिंदीकडे वळले. ही गोष्ट दोन्हीकडे मिळते, मराठीतही प्रेमचंदांच्या कथांचे अनुवाद बऱ्याच वाचनालयांत असतात. आई-बाप गेलेला छोटा हमीद तीन पैसे घेऊन ईदच्या जत्रेत जातो. दोस्त खेळणी घेतात, मिठाई खातात. तो दादीसाठी लोखंडी चिमटा घेतो, कारण तव्यावर रोट्या भाजताना तिची बोटं पोळतात. गोष्ट वाचून झाल्यावर मी मुलांना विचारते, तुम्ही दादीसाठी काय आणाल? उत्तरं ऐकून कधी हसू येतं, कधी डोळे भरतात. एक मुलगा म्हणाला, "चार्जर. उनका हमेशा मैं ले लेता हूँ."

दुसरी, डॉ. झाकिर हुसेन यांची 'अब्बू खाँ की बकरी'. झाकिर हुसेन १९६७ मध्ये देशाचे राष्ट्रपती झाले, पण त्याआधी ते मास्तर होते आणि मुलांसाठी लिहीत होते. अल्मोड्याच्या अब्बू खाँची चांदनी नावाची बकरी दोरी तोडून डोंगरात जाते. रात्री लांडगा येतो. ती रात्रभर शिंगांनी लढते आणि पहाटे मरते. जिंकलं कोण, यावर झाडावरच्या पाखरांचा वाद होतो. आपल्या घरी सध्या बकरी ईद सुट्टीच्या आसपासच येते आणि दारात बांधलेल्या बकऱ्याला मुलांनी लळा लावलेला असतो. त्या दिवसांत ही गोष्ट वाचली तर मुलं भरपूर बोलतात. हळव्या मुलाला मात्र एकट्यानं वाचायला देऊ नका, जवळ बसा.

कृष्ण चंदर यांचं 'उल्टा दरख्त' हे उर्दूतलं धमाल पुस्तक आहे, चौथी-पाचवीच्या मुलांना आवडतं.

मराठीकडं बघायचं तर बालभारतीचं 'किशोर' मासिक. ते १९७१ पासून निघतंय. वाचनालयात चालू अंक मिळतात आणि जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट ठेवलेत. मोबाईल हातातून सुटतच नसेल तर निदान त्यावर 'किशोर' उघडून द्या. उर्दूत मुंबईचं 'गुल बूटे' आणि दिल्लीच्या राष्ट्रीय उर्दू परिषदेचं 'बच्चों की दुनिया' ही मासिकं आहेत. आपल्या वाचनालयात ती येत नसतील तर सूचनांच्या वहीत पहिलं नाव याच दोघांचं लिहा, कारण मासिकाची वर्गणी पुस्तकापेक्षा स्वस्त पडते आणि वाचनालयं ती लवकर मान्य करतात. 'रेख्ता' च्या वेबसाइटवर हजारो उर्दू पुस्तकं फुकट वाचता येतात. तिथले बरेच शेर आणि गझला देवनागरीतही आहेत.

आणखी एक गंमत. 'अलिफ लैला' च्या गोष्टी मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकातच आणायला घेतल्या होत्या, 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' या नावानं. म्हणजे सिंदबाद आणि अलाउद्दीन मराठी घरांत दीडशे वर्षं राहतायत. मूळ आवृत्ती मोठ्यांची आहे, मुलांसाठी संक्षिप्त घ्या.

आठवी ते दहावी

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचं 'अग्निपंख' प्रत्येक वाचनालयात असतं. मराठी अनुवाद माधुरी शानबाग यांचा आहे. महाराष्ट्रात कलाम साहेबांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळेत सगळे फोटोला हार घालतात, पुस्तक मात्र फार थोड्यांनी वाचलेलं असतं. त्यातलं रॉकेटचं सोडा, मुलांना रामेश्वरमचे पहिले काही भाग वाचायला लावा. युद्धाच्या काळात गाडी स्टेशनवर थांबायची बंद झाली, तेव्हा धावत्या गाडीतून फेकलेले पेपरचे गठ्ठे गोळा करायला हा मुलगा आपल्या चुलतभावाला मदत करायचा. गावातले एक जुने क्रांतिकारक आपल्याकडची पुस्तकं त्याला वाचायला द्यायचे. रामेश्वरम हे काही मोठं शहर नव्हतं.

वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' १९८१ पासून महाराष्ट्रातली मुलं वाचतायत. गुलाम म्हणून जन्मलेला मुलगा मातीचा शास्त्रज्ञ होतो. गवाणकरांनीच पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांचं चरित्रही लिहिलंय, ते आपल्या मुलांना फारसं माहीत नसतं. मुंबईतल्या एका मुस्लिम घरातला अनाथ मुलगा. त्यानं छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली, तिचा गळा पिवळा निघाला, आणि ती कुठली हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला. तिथून सगळं आयुष्य पक्ष्यांमागं गेलं. हे पुस्तक वाचणाऱ्या मुलाच्या हातात एक कोरी वही द्या आणि गच्चीवर पाण्याचं भांडं ठेवा. कोण कोण पाखरं पाणी प्यायला येतात ते त्यानं लिहावं.

साने गुरुजींचं 'श्यामची आई' आपल्या घरांत का वाचलं जात नाही, हे मला कोडं आहे. कोकणातल्या ब्राह्मण घराचं वातावरण त्यात आहे, म्हणून? आई आहे, गरिबी आहे, चुकीबद्दल मुलाला समजावणं आहे. नावं बदलली तर आपलंच घर. गुरुजी आपल्या शेजारी अमळनेरला १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर होते. वसतिगृहातल्या मुलांची आईसारखी काळजी घ्यायचे. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्याच गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' नावाचं पुस्तकही लिहिलंय. त्यात हजरत पैगंबर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांच्या जीवनाबद्दल किती आदरानं लिहिलंय, ते वाचून बघा. मी ते बीएडच्या वर्षात पहिल्यांदा वाचलं आणि शेजारच्या गावात शिकवलेल्या मास्तरानं हे लिहिलंय हे आपल्याला शाळेत का कोणी सांगितलं नाही, असं वाटलं. गुरुजींना जाऊन साठ वर्षं कधीच उलटली, त्यामुळं त्यांचं लेखन कॉपीराइटमधून मुक्त आहे. वाचनालयात प्रत नसली तरी इंटरनेटवर मिळायला अडचण नाही.

मोठ्यांसाठी, आणि अम्मीसाठी

"मराठी आपली भाषा कुठंय?" असं कॉलेजातली मुलं विचारतात. त्यांच्या हातात रा. चिं. ढेरे यांचं 'मुसलमान मराठी संतकवी' द्या. श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात मराठीत 'योगसंग्राम' लिहीत होते. १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते आणि त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. गझलेची आवड असेल तर इलाही जमादारांचा 'जखमा अशा सुगंधी' हा संग्रह शोधा. उर्दू गझल ऐकत वाढलेल्या मुलाला मराठी गझल समजायला दोन दिवससुद्धा लागत नाहीत.

डेप्युटी नजीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' १८६९ ची. त्यांनी ती स्वतःच्या मुलींना शिकवायला लिहायला घेतली. फटकळ अकबरी आणि समजूतदार असगरी या दोन बहिणींची गोष्ट आहे. आजच्या मुली असगरीवर वैतागतात, "इतनी भी अच्छी क्यों है?" म्हणतात. वैतागू द्या. दीडशे वर्षांपूर्वीच्या बापानं मुलींनी शिकावं म्हणून पुस्तक लिहिलं, हे त्यांना कळलं तरी पुरे.

ज्या घरात दादी-नानीला वाचता येत नाही तिथं काय करायचं? आपल्याच जिल्ह्यातल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शेतात, जात्यावर गाणी म्हणायच्या आणि घरातली मुलं ती वहीत उतरवून घ्यायची. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि बहिणाबाई गेल्यानंतर १९५२ मध्ये पुस्तक निघालं. वही नसती तर गाणी त्यांच्याबरोबर गेली असती. तुमच्या नानीला जी लोरी, लग्नातलं जे गाणं, पुराची किंवा दुष्काळाची जी हकिकत येते, ती मुलाला वहीत उतरवायला लावा. उर्दूत लिहो, मराठीत लिहो, अहिराणी शब्द तसेच राहू दे.

सिनेमा

हा भाग वाचून काही जण नाराज होतील. ज्यांच्या घरी सिनेमा बघत नाहीत त्यांनी तो सोडून द्यावा, माझा कोणावर आग्रह नाही. पण ज्यांच्या घरी मोबाईल आहे तिथं सिनेमा आधीच आलाय, हे मान्य करून पुढं बोलू.

१९८२ मध्ये जळगावात मुस्लिम बायकांनी थिएटरात जाऊन सिनेमा बघू नये, अशी बंदी समाजातल्या काही मंडळींनी घातली होती. रझिया पटेल या तरुण मुलीनं तिच्याविरुद्ध उघड भूमिका घेतली, फार त्रास सोसला. त्यांचं 'चाहूल' हे आत्मकथन वाचनालयात मिळालं तर जरूर घ्या. सगळं पटेल असं नाही, मलाही काही ठिकाणी वाद घालावासा वाटला. पण आपल्याच जिल्ह्याची गोष्ट आहे. आज थिएटरला बंदीच उरलेली नाही आणि मोबाईलवर बारा वर्षांचं मूल एकटं, कोपऱ्यात, कानात वायर घालून काय बघतं हे घरात कोणालाच माहीत नसतं. तेव्हा बायका चार जणींनी मिळून उजेडात सिनेमाला जाणार होत्या, त्याचं आपल्याला भय वाटलं होतं.

म्हणून एकत्र बघा. आठवड्यातून एकच, इशानंतर टीव्हीवर लावून, सगळ्या घरानं. काही वाचनालयं आणि शाळा सुट्टीत मुलांना सिनेमे दाखवतात. कोल्हापुरात 'चिल्लर पार्टी' नावाची विद्यार्थ्यांची चित्रपट चळवळ मुलांना चांगले सिनेमे मोफत दाखवते. आपल्या वाचनालयाकडं सभागृह आणि प्रोजेक्टर असेल तर हीही सूचना वहीत लिहा.

पहिला सिनेमा माजिद मजिदी यांचा इराणी 'चिल्ड्रन ऑफ हेवन', १९९७ चा. अली आपल्या बहिणीचे, जहराचे, बूट हरवून बसतो. बापाजवळ नवे घ्यायला पैसे नाहीत. मग एकच जोड दोघं वापरतात, ती सकाळच्या शाळेला, तो दुपारच्या. पुढं धावण्याच्या शर्यतीत तिसरं बक्षीस बुटांचं असतं, म्हणून अलीला पहिलं नाही, तिसरं यायचं असतं. सिनेमा दीड तासाच्या आत संपतो. 'ईदगाह' वाचून झाल्यावर लगेच बघा. चिमटा आणि बूट, दोन्ही मुलांच्या डोक्यात शेजारी-शेजारी बसतात.

अब्बास किआरोस्तमी यांचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स होम' १९८७ चा. मित्राची वही चुकून आपल्या पिशवीत आली आणि उद्या वही नसली तर मास्तर त्याला शाळेतून काढतील, म्हणून अहमद त्याचं घर शोधत शेजारच्या गावी पळतो. एवढीच गोष्ट. संथ आहे, पहिली दहा मिनिटं मुलं चुळबुळ करतील. इथं त्यांना एक खेळ द्या, ओळखीचे शब्द पकडायचे. सिनेमाच्या फारसी नावातच 'खाना' म्हणजे घर आणि 'दोस्त' आहे. फारसीत वहीला 'दफ्तर' म्हणतात, आपल्या मराठी शाळेत पिशवीला 'दप्तर'. हे सापडलं तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. खालची इंग्रजी अक्षरं लहानांना वाचता येत नाहीत, म्हणून घरातल्या मोठ्यानं सिनेमा आधी बघून ठेवावा आणि मग बघता बघता सांगावं.

मुलींसाठी 'वजदा', २०१२ चा. सौदी अरबस्तानच्या हैफा अल-मन्सूर या दिग्दर्शिकेचा. रियाधमधल्या वजदाला सायकल हवी असते. पैशांसाठी ती शाळेतल्या किराअतच्या स्पर्धेत उतरते आणि मन लावून तजवीद शिकते. हा सिनेमा झाला तेव्हा सौदीत थिएटरच नव्हती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून बंद असलेली थिएटरं २०१८ मध्ये उघडली. याच्या जोडीला मराठीतला 'एलिझाबेथ एकादशी' बघा, २०१४ चा, परेश मोकाशी यांचा. तिथं पंढरपूरच्या गरीब घरातली मुलं आपली सायकल वाचवण्यासाठी यात्रेत दुकान मांडतात. रियाधची एक सायकल आणि पंढरपूरची एक. दोन्ही बघून मुलींना विचारा, कोणती जास्त आवडली आणि का. मराठी माध्यम असो की उर्दू, उत्तर मराठीत पाच ओळी लिहून मागा.

मंगेश हाडवळे यांचा 'टिंग्या' (२००८) कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या घरातला आहे. टिंग्याची मैत्रीण रशिदा आणि तिची आजारी आजी त्यात आहेत. मुस्लिम घर मराठी सिनेमात असं सहज, शेजार म्हणून क्वचितच येतं. नागेश कुकुनूर यांचा 'इक्बाल' (२००५) हिंदी, बोलता-ऐकता न येणारा खेड्यातला मुलगा क्रिकेटमध्ये पुढं जातो, तो बहुतेकांनी बघितला असेल. बारावीपुढच्या मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी एम. एस. सथ्यू यांचा 'गरम हवा'. फाळणीनंतर आग्र्यात राहिलेल्या बुटांच्या कारखानदाराचं घर. जावं की राहावं हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीसमोरही होता, त्यांच्याशी कोणी बोललं नसेल तर या सिनेमानंतर बोला.

आणि मालेगाव. धुळ्यापुढं तासाभराच्या अंतरावर यंत्रमाग चालवणाऱ्या माणसांनी स्वतः कॅमेरा घेऊन 'मालेगाव के शोले' बनवला. फैजा अहमद खान यांनी त्या माणसांवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला, आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' आला. मोठ्या मुलांना दाखवण्याआधी तुम्ही बघून घ्या. आपल्याच बोलीतली, आपल्यासारख्या गल्ल्यांतली माणसं पडद्यावर बघून मुलं ज्या पद्धतीनं सरसावून बसतात ते बघण्यासारखं असतं.

शेवटी दोन-तीन कामाच्या गोष्टी. वाचनालयाची वेळ बहुतेक ठिकाणी सकाळ आणि संध्याकाळ अशी दोन सत्रांत असते, दुपारी बंद. मकतबहून परतताना सकाळचं सत्र गाठता येतं. आठवड्याची सुट्टी कधी असते ते आधी विचारून घ्या, नाहीतर मूल पहिल्याच दिवशी बंद दार बघून येतं आणि पुन्हा जायचं नाव घेत नाही. मुलींना एकटं पाठवायला मन धजत नसेल तर चार-पाच जणींचा गट करा, एक अम्मी सोबत जाईल. पुस्तक घरात धाकट्याच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा, फाटलं तर लपवू नका, सांगून भरपाई द्या. बकरी ईदच्या गडबडीत परत करायची तारीख हमखास विसरते, ती कॅलेंडरवर लिहा. आणि पहिल्या भेटीतच सूचनांची वही मागा. त्या अम्मीनं गेल्या आठवड्यात मागितली. तिनं उर्दूत लिहिलं, खाली मुलीनं त्याचं मराठी केलं.